हैतीचा घोडेस्वार, लालबागची भिंत

लालबाग, मुंबई
२ डिसेंबर १९५८

चि. रमाकांत यास
सुंदरावहिनीचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही, गावच्या घरावर माड पडलेला नाही. मी सुखरूप आहे आणि खाणावळ चालू आहे.

चार वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस. ते राहू दे. काम आहे म्हणून लिहिते.

शिवडीच्या आपल्या गावकऱ्यांच्या खोलीतला रामदास परवा जेवायला आला होता. त्याने सांगितलं की तुला कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर माल नेणारी बोट मिळाली आहे, आणि ती हैतीच्या पोर्ट ओ प्रिन्स बंदरालाही लागते. ऐकलं आणि माझ्या हातातली पळी आमटीत पडली. रामदास म्हणाला, "काय झालं वहिनी?" मी म्हटलं, "काही नाही, तू जेव."

तुझे दादा बोटीवर भट्टीत कोळसा टाकत आणि त्यांची बोट त्याच बंदराला लागे, हे तुला मी काय सांगायचं. बाकीचे खलाशी घड्याळं आणत, नायलॉनची कापडं आणत. हे चित्रं आणत. हैतीच्या एका माणसाने पुठ्ठ्यावर नाहीतर फळीवर काढलेली. त्या माणसाचं नाव तेओ. त्याला यांची भाषा येत नव्हती आणि यांना त्याची, पण बोट बंदरात असली की हे त्याच्या अंगणात जाऊन बसत आणि तो रंगवताना बघत. बोट सुटायच्या आधी एक चित्र घेऊन येत.

तर माझं काम असं. यांना जाऊन चार वर्षं झाली, पण त्या तेओला ते माहीत नाही. तो वाट बघत असेल असं मला वाटतं. बंदरापासून वर चढण लागते, चढणीवर लोहाराचं दुकान, दुकानाच्या पुढे निळ्या दाराचं घर. मला एवढंच माहीत आहे. तिथे जा आणि त्याला सांग. "दादा गेले" म्हणून त्याला कळणार नाही, नाव घ्यावं लागेल. दत्ताराम. बघ, लिहिलं मी. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज.

चित्र आणू नकोस. आणलंस तर नको म्हणणार नाही.

आता चौदा झाली आहेत. यांनी आणलेली नऊ आणि बाकीची मी जमवलेली. त्या बाजूला जाणारा कोणी खलाशी जेवायला आला की मी त्याला जवळ्याची चटणी बांधून देते आणि सांगते, येताना चित्र आण, पण ज्यात कोणीतरी काहीतरी काम करत असेल असंच. रामदासने एकदा नुसतं नारळाचं झाड आणि मावळता सूर्य आणला. मी म्हटलं, "रामदास, हे कॅलेंडर आहे." तो आठ दिवस रुसला होता.

भिंती चार आणि त्यात एक दार, एक खिडकी, एक मांडणी. सगळी चित्रं एका वेळी लागत नाहीत. म्हणून मिलचा पगार झाला की मी चित्रं बदलते. त्या दिवशी पंगतीत भांडण ठरलेलं. बाजाराचं चित्र लावलं, त्यात बायका टोपल्यांची उतरंड डोक्यावर घेऊन चालल्या आहेत, की सगळ्यांना त्याच्यासमोरचा पाट हवा. माझा अनुभव असा की बाजारासमोर बसणाऱ्याला भात जास्त लागतो. बोटीतल्या लग्नाचं चित्र लावलं की गप्पा वाढतात आणि दुसरी पंगत खोळंबते. पाळीवरून आलेली माणसं, डोक्यावर कापसाची पिंजर, हातात घास आणि नजर हैतीत.

लवू म्हणून एक मालवणी विणकर आहे. त्याला मी नकाशात ती सगळी बेटं दाखवली. तो म्हणाला, "येवढीशी येवढीशी बेटां, आणि हरयेकाचा राज्य येगळा? आणि आमका एक मुंबय गावना नाय?" पंगतीत एवढा हशा झाला की खालून विचारायला आले, मुंबईचा निकाल लागला काय म्हणून. त्या संध्याकाळी सगळे कामगार मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले आणि घसा बसवून आले.

चार वर्षांपूर्वी, दादांनी पगार चित्रांवर उडवला म्हणून तू भांडलास, तेव्हा मला चित्रातलं काय कळतं, असं विचारलं होतंस. तेव्हा काही कळत नव्हतं. आता थोडं कळतं. तेओच्या चित्रात सावली नसते. भर दुपार असते, माणसं उन्हात उभी असतात आणि कोणाचीच सावली जमिनीवर पडत नाही. आधी वाटलं, विसरला असेल. मग यांनी आणलेली सगळी चित्रं शेजारी मांडून बघितली. कुठेच नाही. दुसऱ्या माणसाने काढलेलं चित्र असलं की सावली असते. अशी मी आता लांबून ओळखते, तेओचं कुठलं आणि परक्याचं कुठलं. हे मला कोणी शिकवलेलं नाही. वाचायला जशी शिकले तशीच हेही. यांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून वाण्याच्या पुडीचे कागद जोडून जोडून अक्षरं शिकले. बघत राहिलं की येतं.

बोटीतल्या लग्नाच्या फळीचा कोपरा निघाला होता, तो मी सरसाने चिकटवला आहे. जोड दिसतो, पण धरून आहे.

तुझी
सुंदरावहिनी


लालबाग, मुंबई
२० डिसेंबर १९५८

चि. रमाकांत यास आशीर्वाद.

पहिलं पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही, पण इथे जे झालं ते आत्ताच लिहिलं पाहिजे, नाहीतर मी आत हसून हसून किंवा रडून फुटेन.

यांनी शेवटच्या खेपेला आणलेलं चित्र तू पाहिलेलं नाहीस. तू आलास तेव्हा ते ट्रंकेत होतं. पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा, वर काळा सावळा स्वार, हातात उगारलेली तलवार, खांद्यावर लाल शेला, आणि घोड्याच्या टापांखाली दोन माणसं आडवी पडलेली. माझ्या चौदांत सर्वांत चांगलं ते. घोड्याचा डोळा असा काढला आहे की तुम्ही मोरीत जा नाहीतर चुलीपाशी, तो तुमच्याकडेच बघतो. या पगाराला मी ते दारासमोरच्या भिंतीवर लावलं.

तळमजल्यावर अंबिकाबाई राहतात. साताऱ्याकडच्या, चाळीत सर्वांत जुन्या, गळ्यात माळ. गुडघे गेल्यापासून त्या जिना चढत नाहीत. चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी त्यांचा भाचा रामू जेवायला आला, दारात थांबला, चप्पल काढायची विसरला आणि खाली पळत गेला. थोड्या वेळाने बघते तर अंबिकाबाई कठड्याला धरून एकेक पायरी वर येताहेत. मला वाटलं कोणाला काही झालं. त्या दारात आल्या, चित्राकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"मल्हारी!" म्हणाल्या. "मी जेजुरीला येईना झाले, तर तूच आलास व्हय रे?"

मी म्हटलं, "अंबिकाबाई, हे हैतीचं चित्र आहे. तिथल्या माणसाने काढलंय."

"काढू दे की. घोडा पांढरा, हातात खंडा, खाली मणी नि मल्ल. दोन्ही दैत्य बरोबर काढल्यात. आणि काय पाहिजे?"

लवू जेवत होता. तो म्हणाला, "आजये, घोड्यार बसलो म्हणान खंडोबो? मगे परवा आमका लाठी मारूक इल्लो तो सारजंटय खंडोबोच काय?"

"गप रं, मुडद्या!" म्हणाल्या. "त्या सारजंटाच्या हातात खंडा होता का? छडी होती छडी."

एवढ्यात चाळीत बातमी पसरली. अर्धी चाळ साताऱ्याची. कोणी वांग्याचं भरीत आणलं, कोणी रोडगा. मी म्हणते हळू, हळू, आणि रामूने मूठभर भंडारा उधळला. "येळकोट येळकोट!" माझा हात वर झाला तोवर घोड्याच्या मानेवर, स्वाराच्या शेल्यावर, आकाशावर, सगळीकडे पिवळं. तेलाचा रंग आणि त्यावर हळद! मी ओरडले. माझं ओरडणं जयजयकारात धरलं गेलं.

अंबिकाबाई म्हणाल्या, "सुंदरे, आजचा दिवस देव खाली माझ्या खोलीत बसू दे. मला परत जिना चढवायचा नाही गं." त्यांचे गुडघे मी बघत होते. पाच वर्षांत त्या वर आल्या नव्हत्या. नाही कशी म्हणू? मी स्वतःच्या हाताने खिळ्यावरून चित्र उतरवलं आणि खाली नेऊन दिलं.

तो दिवस संपून चार दिवस झाले. चित्र अजून खालीच आहे.

सुंदरावहिनी


लालबाग, मुंबई
११ फेब्रुवारी १९५९

चि. रमाकांत यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, बोटीवरच्या टपालाचं मला माहीत आहे. पण आता तुझ्यावाचून माझं अडलं आहे.

चित्र परत मिळण्याचं लक्षण नाही. अंबिकाबाईंनी त्याच्यासमोर समई ठेवली आहे. दर रविवारी आरती होते. पलीकडच्या चाळीतले लोक नवस बोलून जातात. रामूने जिन्याखालची जागा मोजून नेली, तिथे छोटं देऊळ करून चित्र कायमचं बसवायचं म्हणतात, वर काच आणि खाली फरशी. येत्या चंपाषष्ठीला स्थापना.

मी खाली गेले होते मागायला. अंबिकाबाईंनी मला चहा दिला. मी म्हटलं, "हे यांचं शेवटचं आणलेलं आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर. तुझा नवरा खंडोबाला बोटीतनं घेऊन आला. किती पुण्याचा माणूस." समईच्या काजळीने आकाश वर काळं व्हायला लागलं आहे, ते मी बघून आले.

दारासमोरचा खिळा मी तसाच ठेवला आहे. तिथे दुसरं चित्र लावलं नाही. पंगतीतले लोक जेवताना त्या खिळ्याकडे बघतात आणि मग मान खाली घालतात.

समोरच्या चाळीत मालन आहे. मिलमध्ये सुताच्या खात्यात आहे. आम्ही दोघी एकाच वाचनालयातून पुस्तकं आणतो आणि अदलाबदल करून वाचतो. त्यांच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली. तिने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"सुंदराबाई, आम्ही घरातले देव काढले, आणि तुम्ही परदेशातून नवीन मागवले?"

"मी कुठे मागवला? मी चित्र मागवलं."

"मग चित्र आहे ते चित्र म्हणून परत मागा. देव म्हणून मागितलात तर देव कोणाचा यावर भांडण होईल, आणि त्यात तुम्ही हराल. चित्र कोणाचं यावर भांडण होत नाही."

"आणि म्हातारी? तिला काय सांगू?"

मालन म्हणाली, "खरं काय ते सांगा. पण आधी खरं काय ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?"

हेच मला लागलं. तो घोडेस्वार कोण हे मला ठाऊक नाही. यांनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. म्हणून तुझ्याकडे दोन प्रश्न पाठवते, ते तेओला विचार. हा घोड्यावरचा माणूस कोण? आणि तेलाच्या रंगावर पडलेली हळद कशी काढायची?

मला ते चित्र परत भिंतीवर हवं आहे, रमाकांत. ते यांनी दिलं तेव्हा कागद सोडत होते आणि मी चुलीपाशी होते, आणि त्यांनी मला सांगितलं होतं, "उजेडाकडे नको धरू, आधी लांबून बघ." मला ते लांबून बघायचं आहे. खाली अंबिकाबाईंच्या खोलीत लांब उभं राहायला जागाच नाही.

सुंदरावहिनी


लालबाग, मुंबई
५ जुलै १९५९

चि. रमाकांत यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं! तीन पानं! मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून, मग मालनला वाचून दाखवलं, आणि शेवटी पंगतीला वाचून दाखवलं. त्या दिवशी भात करपला आणि सगळ्यांनी तो तसाच खाल्ला.

तू निळ्या दारावर थाप मारलीस आणि म्हातारा बाहेर आला. तू नुसतं "दत्ताराम" म्हटलंस तर त्याने तुझ्या मागे बघितलं, तो कुठे आहे म्हणून. ही ओळ वाचून मी पत्र लवूच्या हातात दिलं. लवूने पुढची वाचली. तू खुणेने सांगितलंस, आणि त्याने ब्रश डब्यात नाही, जमिनीवर ठेवला, आणि त्या दिवशी परत उचलला नाही. शेजारची बाई कॉफी घेऊन आली. लोहार दुकान सोडून आला. सगळ्यांना दादा ठाऊक होते. तू लिहिलं आहेस, "मला वाटायचं दादा तिथे पगार उडवायला जायचा." पुढे तू काही लिहिलं नाहीस. न लिहिलेलंही मी वाचलं.

आता घोडेस्वाराचं. लोहाराच्या मोडक्या इंग्रजीतून विचारून तू लिहिलंस की तो त्यांच्याकडे लढवय्यांचा आणि लोखंडाचं काम करणाऱ्यांचा देव आहे, लोहारही त्याला मानतो, आणि लोक त्याच्यापुढे रम ओततात. रमशिवाय तो प्रसन्न होत नाही.

मी पत्र घेऊन खाली गेले. मालन बरोबर आली, म्हणाली, "मला हे बघायचंच आहे." अंबिकाबाईंच्या खोलीत पाच-सहा माणसं होती, रामू फरशीचा नमुना दाखवत होता. मी म्हटलं, "अंबिकाबाई, उत्तर आलं. तुमचं खरं आहे. तो देवच आहे."

सगळ्यांनी हात जोडले.

"त्यांच्याकडचा देव. लढणाऱ्यांचा."

"मग मल्हारीच की!" रामू म्हणाला.

"आणि त्याला रम लागते," मी म्हटलं.

"काय लागते?"

"रम. दारू. बाटलीतली."

रामूने फरशीचा नमुना खाली ठेवला. लवू माझ्या मागे दारात उभा होता. त्याने हळूच विचारलं, "देवाच्या नावावर परमिट गावता काय? मी जातंय हापिसात."

"हसू नका रं!" अंबिकाबाई उठल्या. गुडघे धरून उठल्या. दारूबंदीचं राज्य, पोलीस आले तर काय, असं रामू काहीतरी बोलत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या स्वाराला म्हणाल्या, "पितोस? आधी सांगायचं नाही? एक पिणारा उभा जन्म सांभाळला मी. आता दुसरा नाही सांभाळायची."

त्यांनी स्वतः समई बाजूला केली. चित्र रामूच्या हातात दिलं. "वर नेऊन दे. सुंदरेकडे पंचवीस गडी जेवतात, एखादा पिणारा तिला चालून जाईल."

मालन जिन्यात कठड्याला धरून एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

चित्र परत खिळ्यावर आहे. दुसऱ्या प्रश्नाचं तेओने जे सांगितलं, तेही मी केलं, म्हणजे काहीच केलं नाही. "हळद काढू नका, त्याला कोणीतरी जेवू घातलं आहे, ते दिसू द्या." मी नुसती काजळी पुसली, मऊ मलमलीने, श्वास धरून. पिवळं तसंच आहे. खरं सांगू? घोड्याच्या मानेवर ते शोभतं. सकाळचं ऊन पडल्यासारखं वाटतं.

आणि ऐक. गेल्या रविवारी अंबिकाबाई जिना चढून आल्या. पाटावर बसल्या, चित्राकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "आता काय?" तर म्हणाल्या, "देव म्हणून नाही आले. घोडा चांगला काढलाय म्हणून आले." मग थोड्या वेळाने, "ते टोपल्यांचं कुठं गं ठेवलंस? ते पण काढ." मी ट्रंक उघडली. दुपारभर एकेक चित्र काढून दाखवलं. चौदाही. सावलीचं त्यांना मी सांगितलं नव्हतं. यांनी आणलेलं नववं चित्र बघून त्याच म्हणाल्या, "हा बाबा सावली कुणाचीच काढत नाही की."

रमाकांत, इतकी वर्षं मला वाटत होतं की हे वेड माझ्या एकटीचं आहे.

तुझ्या तीन पानांत तुझ्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. जेवण मिळतं का? कोण रांधतं? आणि मुंबईला कधी, तेही नाही. मी विचारणार नव्हते. विचारलं.

सुंदरावहिनी


लालबाग, मुंबई
२ मे १९६०

चि. रमाकांत यास,

हे पत्र टपालात टाकणार नाही. रामदास पाटावर बसून सोलकढी पितो आहे, ती संपली की त्याच्या हाती देणार आहे. लालबागहून शिवडी किती लांब? आणि तू तिथे शुक्रवारपासून आहेस.

रामदास खोटं बोलत नाही, फक्त उशिरा बोलतो. आज सकाळी तो किंतानात गुंडाळलेली मोठी फळी घेऊन आला. "रमाकांतने पाठवलंय." मी म्हटलं, "कुठून पाठवलंय?" तर म्हणाला, "शिवडीहून." काल अख्खी मुंबई रस्त्यावर होती, महाराष्ट्र झाला म्हणून लालबागेत दिव्यांच्या माळा, ढोल, पेढे, लवू तर बादलीवर नाचला, आणि तू दोन मैलांवर गावकऱ्यांच्या खोलीत बसून होतास.

किंतान मी सगळ्यांसमोर उघडलं. पहिली पंगत बसायची होती. अंबिकाबाईंना रामूने धरून वर आणलं, मालनला मी हाक मारली. मी म्हटलं, "उजेडाकडे धरू नका. आधी लांबून बघा." आणि सगळे भिंतीला टेकून उभे राहिले.

रमाकांत, तू त्याला आमची खाणावळ सांगितलीस!

पंगत आहे. दोन्ही बाजूंना माणसं जेवायला बसली आहेत, सगळी तिकडची, काळी कुळकुळीत, पण पाटावर मांडी घालून. खिडकीतून समुद्र दिसतो. लालबागेत समुद्र! नारळ आहेत. मी वाढते आहे. नऊवारी तू त्याला कशी समजावलीस देव जाणे, मला त्याने निळ्या निशाणात गुंडाळून ठेवलं आहे. भिंतीवर नखाएवढी चित्रं आहेत. टोपल्या आहेत, लग्न आहे आणि त्याच्या फळीचा जोड सुद्धा आहे. आणि पांढरा घोडा, मानेवर पिवळा ठिपका.

मग एकच गोंधळ. लवू म्हणाला, "ह्यो बग मी! भाताचो ढीग बग कोणाच्या ताटात हा तो!" रामू म्हणाला, मिशीवाला मी. दोघांचं जुंपलं. दारात एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उभी आहे. अंबिकाबाईंनी ती लगेच ओळखली आणि म्हणाल्या, "मी एवढी वाकलेय व्हय?" मालन बराच वेळ बघत होती. म्हणाली, "हे मला पटलं. ह्यात देव भिंतीवर आहे आणि माणसं मध्ये आहेत."

मी मात्र डाव्या बाजूला बघत होते. पंगतीत शेवटून दुसरा माणूस मांडी घालून बसलेला नाही. त्याने डावा गुडघा वर उभा धरला आहे आणि त्यावर कोपर टेकून जेवतो आहे. असं एकच माणूस जेवायचं. सासूबाई जन्मभर ओरडल्या, नीट बस म्हणून. तू त्याला हे सांगितलं असशील असं मला वाटत नाही. तेओने ते त्याच्या अंगणात पाहिलं होतं. यांचा चेहरा तिकडचाच आहे, रंग तिकडचा आहे, पण गुडघा यांचा आहे. आणि तेओ सावली कोणाचीच काढत नाही, म्हणून पंगतीत कोण आहे आणि कोण गेलं हे वेगळं दिसत नाही. हे सगळ्यांसारखेच जेवताहेत.

मी पदर डोळ्यांना लावला, तर सगळे चित्र सोडून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "बघता काय? आनंदाने लावलाय."

यांच्या शेजारी, अगदी शेवटचा पाट रिकामा आहे. ताट वाढलेलं आहे, त्यात तळलेला मासा, पण कोणी बसलेलं नाही. पंगतीत यावरही वाद झाला. रामू म्हणाला, तो दत्तारामभाऊंचा. मी म्हटलं, नाही, ते बसलेत. लवू म्हणाला, छप्पन्नच्या गोळीबारात गेलेल्यांसाठी असेल. असेलही, मला ते ऐकून बरं वाटलं. पण मला विचारशील तर तू तेओच्या अंगणात बसून हात हलवून हलवून सगळं सांगत होतास, कोण कुठे बसतं, काय जेवतं. आणि शेवटी त्याने तुला विचारलं असणार, "आणि तू कुठे बसतोस?"

तू काय उत्तर दिलंस ते मला चित्रात दिसतं.

त्या भांडणाच्या दिवशी तू म्हणाला होतास, या छपराखाली पुन्हा घास घेणार नाही. बरं. छप्पर तेच आहे, पण कालपासून राज्य दुसरं आहे. जुन्या राज्यातली शपथ नव्या राज्यात चालत नाही, असं लवूचं म्हणणं आहे, आणि अंबिकाबाईंनी त्याला दुजोरा दिला आहे.

नवीन चित्र कुठे लावायचं हे मी ठरवलेलं नाही. दुसऱ्या भिंतीला खिळा ठोकायला उंच माणूस लागतो, रामूचा हात पोचत नाही. हातोडी बाहेर काढून ठेवली आहे.

रामदासची सोलकढी संपली. आज बांगडा आहे. तळायला घेते. तू जिन्यात आलास की तव्यावरचा आवाज ऐकू येईल, मग दार कुठलं ते विचारावं लागणार नाही.

पाट मांडला आहे.

तुझी
सुंदरावहिनी